काट्यावरचा किलो नेमका कशाचा?

डाएट सुरू करून चार दिवस झालेले असतात, खाण्यात कसलीही कुचराई नसते, आणि पाचव्या दिवशी सकाळी काटा आठशे ग्रॅम जास्त दाखवतो. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. कुणी जेवण आणखी कमी करतं, कुणी सगळंच सोडून देतं. दोन्ही निर्णय चुकतात, कारण ते आठशे ग्रॅम चरबीचे नसतात. चरबीचे असूच शकत नाहीत, आणि हे साध्या गणिताने दाखवता येतं.

शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे आठशे ग्रॅम चरबी अंगावर चढायला खर्चापेक्षा सुमारे ६,२०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. ज्याचा दिवसाचा खर्च २,००० कॅलरी आहे त्याने एका दिवसात चार दिवसांचं जेवण जेवलं, तर कुठे हा आकडा गाठता येईल. डाएटवरच्या माणसाने तसं काही केलेलं नसतं.

आता हेच उलट्या बाजूने पाहा. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली, तर दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास चरबी जाते. घरातला डिजिटल काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, काही काटे ५० ग्रॅमच्या. म्हणजे दिवसभराच्या मेहनतीचं फळ काट्याच्या एका टप्प्याएवढंही नसतं, आणि त्याच दिवशी अंगातलं पाणी मात्र एक किलो इकडे किंवा तिकडे सहज होतं. आज आणि उद्या यांच्या वजनातला फरक जवळजवळ सगळा पाण्याचा आणि पोटातल्या अन्नाचा असतो. चरबीचा हिशेब आठवड्यांत दिसतो, दिवसांत दिसत नाही. ही एवढी एक गोष्ट पक्की डोक्यात बसली तर काट्याची धास्ती निम्मी कमी होते.

अंगात पाणी असतं किती?

सत्तर किलोच्या निरोगी तरुण पुरुषाच्या शरीरात सुमारे ६० टक्के, म्हणजे ४२ लिटर पाणी असतं. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५० ते ५५ टक्क्यांच्या घरात असतं, कारण त्यांच्या शरीरात चरबीचा वाटा निसर्गतःच जास्त असतो. या पाण्यापैकी दोन तृतीयांश पेशींच्या आत आणि एक तृतीयांश पेशींच्या बाहेर असतं. रक्तातला पातळ भाग जेमतेम तीन लिटर. काट्यावर रोज वरखाली होताना दिसतं ते मुख्यतः पेशींबाहेरचं पाणी, त्यात स्नायूंमधल्या साखरेच्या साठ्याबरोबर येणारंजाणारं पाणी मिळवायचं.

स्नायूंचं सुमारे तीन चतुर्थांश वजन पाण्याचं असतं. चरबीच्या ऊतींमध्ये मात्र पाणी १० ते २० टक्केच. म्हणून सारख्या उंचीची आणि सारख्या वजनाची दोन माणसं आतून अगदी वेगळी असू शकतात. घनतेतही फरक आहे: चरबीची घनता ०.९ आणि स्नायूंची १.०६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. एक किलो चरबी १.१ लिटर जागा व्यापते, एक किलो स्नायू ०.९४ लिटर. फरक अठरा टक्क्यांच्या आसपास. इंटरनेटवर चरबीचा भलामोठा गोळा आणि शेजारी स्नायूचा इवलासा तुकडा, दोन्हींचं वजन सारखं, अशी चित्रं फिरतात. ती साफ दिशाभूल करतात. अठरा टक्केही कमी नाहीत. वजन तेवढंच राहून कपडे सैल होतात ते याच फरकामुळे. पण चित्रातल्यासारखा तिप्पट-चौपट फरक नसतो.

आणखी एक घोटाळा इथेच होतो. बॉडी कॉम्पोझिशनच्या, म्हणजे शरीरात चरबी किती आणि बाकी काय किती हे सांगणाऱ्या, अहवालात ‘लीन मास’ किंवा ‘फॅट-फ्री मास’ असा आकडा येतो. लोक तो स्नायूंचा समजतात. त्यात स्नायू, हाडं, अवयव आणि पाणी, चरबी सोडून सगळं येतं. दोन आठवड्यांत ‘लीन मास एक किलो घटलं’ असं छापून आलं की स्नायू झिजले म्हणून लोक हबकतात. बऱ्याचदा ते नुसतं पाणी असतं.

न दिसता जाणारं वजन

रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर, बाथरूमला न जाता वजन केलं तरी काहीशे ग्रॅम कमी भरतं. हे जातं कुठे, हा प्रश्न फार जुना आहे. इटलीतल्या पदुआ इथला वैद्य सांतोरिओ (१५६१–१६३६) तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचं वजन करत असे. खाल्लेलं, प्यायलेलं आणि बाहेर टाकलेलं सगळं तो तोलायचा, आणि हे त्याने सुमारे तीस वर्षं चालवलं. पोटात गेलेल्याचं वजन मलमूत्राच्या वजनापेक्षा बरंच जास्त भरतं, हे त्याच्या लक्षात आलं. मधला फरक त्वचेतून आणि श्वासातून नकळत निघून जातो, असा निष्कर्ष त्याने काढला, आणि तो मुळात बरोबर होता.

आज आपल्याला याचा तपशील माहीत आहे. श्वास आणि त्वचा मिळून दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी घाम न येताही जातं. चरबी जळते तेव्हा तिचे अणूही बहुतेक श्वासावाटेच बाहेर पडतात: १० किलो चरबी पूर्ण जळली की त्यातला ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जातो आणि उरलेला १.६ किलो पाणी होतो. घामातून चरबी निघत नाही. अंगाला प्लास्टिक गुंडाळून धावल्यावर कमी झालेला किलो दोन-तीन ग्लास पाणी आणि एका जेवणात परत येतो, आणि यायलाच हवा.

पहिल्या आठवड्याची जादू

पिष्टमय पदार्थ आणि साखर यांपासून शरीर ग्लायकोजेन नावाचा साठा करतं. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. अंगाने भरलेल्या, व्यायाम करणाऱ्या माणसात त्याहून जास्त. हा साठा कोरडा राहत नाही. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं.

आता कुणी पिष्टमय खाणं एकदम तोडलं. तीन-चार दिवसांत ४०० ग्रॅम ग्लायकोजेन वापरलं गेलं, त्याच्याबरोबर १,२०० ग्रॅम पाणी सुटलं. काट्यावर १.६ किलो कमी. शिवाय इन्सुलिनची पातळी खाली आल्याने मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात, त्याच्यामागून आणखी पाणी जातं. खाणं कमी झाल्याने आतड्यातला ऐवजही घटतो. सगळं मिळून पहिल्या आठवड्यात अडीच-तीन किलो उतरले, तर त्यात खऱ्या चरबीचा वाटा अर्धा किलोसुद्धा नसतो. ‘सात दिवसांत तीन किलो’ अशा जाहिराती याच पाण्याच्या जोरावर चालतात. आकडा खरा असतो, त्यामुळे फसवणूक पकडता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात हा वेग मोडतो. मग एखाद्या दिवशी नेहमीसारखं जेवण झालं की साठा भरायला लागतो, पाणी परत येतं आणि दोन दिवसांत दीड किलो वाढलेला दिसतो. ‘एक दिवस खाल्लं आणि सगळी मेहनत वाया गेली’ हे वाक्य इथे जन्माला येतं. गेलेली चरबी एका जेवणाने परत येत नाही.

मीठ

शरीर रक्तातल्या सोडियमचं प्रमाण फार घट्ट सांभाळतं. मीठ जास्त झालं की तहान लागते, पाणी प्यायलं जातं, आणि मूत्रपिंडं जादा मीठ बाहेर काढेपर्यंत तेवढं पाणी अंगात थांबतं. अंदाज बांधायला सलाइनचं प्रमाण उपयोगी पडतं. सलाइनच्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असतं, कारण शरीरातल्या द्रवाशी जुळणारं प्रमाण तेवढंच आहे. म्हणजे नेहमीपेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं आणि ते सगळं आत राहिलं, तर सुमारे अर्धा लिटर पाणी अडकतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, आणि बाहेरच्या एका भरगच्च जेवणात तेवढं मीठ सहज येतं. खाणं पूर्ववत झालं की निरोगी माणसात हे जादा पाणी दोन-तीन दिवसांत उतरतं.

यावर उपाय म्हणून पाणी कमी पिणं हा शुद्ध वेडेपणा आहे. चरबीवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. लघवी घट्ट होते, बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं. उलट ‘पाणी प्या आणि वजन उतरवा’ म्हणून तासाभरात लिटरच्या लिटर पाणी रिचवणंही धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम घसरलं तर मेंदूला सूज येऊ शकते.

व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं

ही तक्रार खरी असते. सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, दुरुस्तीसाठी तिथे द्रव जमतो. अंग दुखतं ते दोन-तीन दिवस ही सूज असते. नियमित व्यायामाने स्नायू पूर्वीपेक्षा जास्त ग्लायकोजेन साठवायला लागतात, त्याचं पाणी वेगळं. धावणं, सायकलिंग असे दमाचे व्यायाम सुरू केले की काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग वाढतो. हे सगळे चांगले बदल आहेत आणि प्रत्येकाचं वजन आहे. क्रिएटिन (स्नायूंच्या ताकदीसाठी घेतली जाणारी पूड) घेणाऱ्यांना तर पहिल्याच आठवड्यात, विशेषतः दिवसाला २० ग्रॅमचा सुरुवातीचा डोस घेतला तर, एक ते दोन किलो वाढ दिसते. ते पाणी मुख्यतः स्नायूंमध्ये जातं. आठवड्यात तेवढे स्नायू बनत नाहीत.

वजन अडकल्याचं गूढ बहुतेक वेळा इथेच उकलतं. रोज ६५ ग्रॅम या हिशेबाने दोन आठवड्यांत ९१० ग्रॅम चरबी गेली. त्याच दोन आठवड्यांत नव्या व्यायामाने ९०० ग्रॅम पाणी धरलं. काटा जागच्या जागी. तिसऱ्या आठवड्यात हे पाणी उतरतं आणि वजन दोन दिवसांत धाडकन खाली येतं. पाण्याने चरबीची घट झाकण्याचं टोकाचं रूप उपासमारीत दिसतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुषांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांच्या अंगावरचं मांस आणि चरबी झडली, तरी पायांवर आणि चेहऱ्यावर सूज आली होती. म्हणून खाणं फारच तोडून काट्याला खाली ओढायचा प्रयत्न करू नये.

मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांनी मागच्या आठवड्याशी तुलना करणं सोडूनच द्यावं. पाळीच्या आधीच्या दिवसांपासून पहिल्या दिवसापर्यंत अर्धा ते दोन किलो पाणी साचू शकतं आणि पुढच्या काही दिवसांत ते उतरतं. तुलना करायची ती मागच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी: पाळी संपल्यानंतरचा आठवडा या महिन्यात किती, मागच्या महिन्यात किती. स्त्रियांना दिलेल्या वजनाच्या सल्ल्यात ही गोष्ट हमखास राहून जाते, आणि त्यापायी कितीजणी दर महिन्याला विनाकारण निराश होतात.

वजन करायचं कसं

सकाळी उठल्यावर, लघवी-शौच उरकून, काहीही खाण्यापिण्याआधी, कमीत कमी किंवा रोज सारख्याच कपड्यांत. काटा फरशीवर, सपाट जागी; गालिच्यावर किंवा डुगडुगत्या लादीवर नको. काट्याच्या चारही पायांत भार मोजणारे सेन्सर असतात. एक पाय अधांतरी राहिला की आकडा बिघडतो. हलवलेला काटा आधी एकदा पायाने दाबून शून्यावर येऊ द्यावा आणि मग उभं राहावं. जागा शक्यतो बदलू नये.

काट्याची परीक्षा घरीच होते. एक मोठा कॅन रिकामा असताना हातात धरून काट्यावर उभे राहा, मग त्यात मोजून ५ लिटर पाणी भरून पुन्हा. फरक ५ किलो यायला हवा. अनेक डिजिटल काटे एक लबाडी करतात, तीही तपासा: लागोपाठच्या दोन वजनांत थोडासाच फरक असेल तर ते जुनाच आकडा पुन्हा दाखवतात, म्हणजे काटा ‘स्थिर’ वाटतो. एकदा वजन करा आणि लगेच अर्धा लिटरची भरलेली बाटली घेऊन पुन्हा उभे राहा. आकडा हललाच नाही, तर तो आठवणीतला आहे. अशा काट्यावर दरवेळी आधी काहीतरी जड वस्तू धरून एक वजन करायचं आणि मग खरं.

रोज वजन करायचं की आठवड्यातून एकदा? मी रोजच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर: रोजचा आकडा फक्त लिहायचा, त्यावर विचार करायचा नाही. विचार आठवड्याच्या सरासरीवर. समजा एका आठवड्याच्या नोंदी ७२.४, ७१.९, ७२.८, ७२.१, ७१.८, ७२.६, ७२.० अशा आहेत. बेरीज ५०५.६, सरासरी ७२.२. पुढचा आठवडा: ७१.६, ७२.३, ७१.९, ७१.४, ७२.५, ७१.७, ७१.२. बेरीज ५०२.६, सरासरी ७१.८. म्हणजे चारशे ग्रॅमची व्यवस्थित घट. पण जो फक्त पाचव्या दिवशी वजन करतो त्याला ७१.८ चे ७२.५ झालेले दिसले, सातशे ग्रॅमची वाढ! आठवड्यातून एकदाच वजन करण्यातला धोका हाच. ज्यांना रोज आकडा पाहून खाण्याचा ताण येतो, ज्यांना खाण्यासंबंधीचा मानसिक आजार होऊन गेला आहे, त्यांनी मात्र रोज काट्यावर उभं राहूच नये.

सरासरीतसुद्धा निर्णय घाईने नको. कॅलरी बदलायच्या तर किमान तीन-चार आठवड्यांचा कल पाहून.

चरबीची टक्केवारी सांगणारे काटे

हे काटे चरबी मोजत नाहीत. ते एका पायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात, तो दुसऱ्या पायातून बाहेर येताना किती अडथळा झाला ते मोजतात. पाणी आणि क्षार असलेले स्नायू वीज सहज वाहू देतात, चरबी अडवते. मग उंची, वय, लिंग आणि वजन घालून एका सूत्राने टक्केवारी काढली जाते. पायाखालून निघालेला प्रवाह बहुतांशी पाय आणि ओटीपोटातूनच जातो, त्यामुळे छाती-दंडांबद्दल असा काटा अंदाजच बांधतो.

यातून चुका ओळीने निघतात. अंगात पाणी कमी असेल तर अडथळा वाढतो आणि चरबी जास्त दिसते. तळपाय कोरडे किंवा भेगाळलेले असले तरी तेच. व्यायामानंतर कातडी गरम आणि ओलसर असली की चरबी कमी दिसते. जन्मतारीख बदलली किंवा ‘अ‍ॅथलीट’ मोड लावला की त्याच शरीराची टक्केवारी क्षणात बदलते. म्हणून एका दिवसाचा आकडा मनावर घेऊ नका. महिन्याभराचा कल तेवढा उपयोगाचा, तोही रोज एकाच वेळी, सारख्याच स्थितीत मोजला तर. पेसमेकर बसवलेल्यांनी असा काटा वापरायचा नाही.

त्यापेक्षा मोजपट्टी बरी. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचं वरचं टोक, या दोहोंच्या मधोमध खूण करायची, टेप सगळीकडून आडवी ठेवायची, नेहमीसारखा श्वास सोडून मोजायचं, पोट आत न ओढता. तीनदा मोजून मधला आकडा घ्यायचा. आठवड्यातून एकदा पुरे. वजन स्थिर आणि घेर कमी, तर चरबी जात आहे. वजन भरभर खाली, घेर तसाच, आणि व्यायामात उचलता येणारं वजनही घटत चाललंय, तर पाण्याबरोबर स्नायूही जात आहेत. तूट कमी करा, प्रथिनं वाढवा, ताकदीचा व्यायाम सोडू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच.

पाणी हलक्यात घ्यायचं नाही तेव्हा

वर सांगितलेलं सगळं निरोगी माणसाला लागू आहे. हृदय अशक्त असलेल्यांमध्ये, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारात पाणी साचणं हाच धोक्याचा इशारा असतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर दम लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. म्हणूनच अशा रुग्णांना रोज सकाळी वजन करायला सांगतात. नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून ठेवा. उचलल्यावर खड्डा तसाच राहिला, तर ते कातडीखाली साचलेलं पाणी आहे. आडवं झालं की धाप लागणं, चपला अचानक घट्ट होणं, सकाळी डोळ्यांभोवती सूज, ही लक्षणं असतील तर आधी डॉक्टर, डाएट नंतर.

खेळाडूंनी वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणंही तितकंच धोक्याचं आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीपटू असं वजन उतरवताना महिन्याभराच्या अवधीत मरण पावले, आणि तिथल्या कॉलेज कुस्तीत वजन उतरवण्यासाठी सॉना आणि रबरी सूट वापरण्यावर बंदी आली. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने वजनासाठी घेणाऱ्यांना पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो.

काही औषधांनीही वजन वाढतं. स्टेरॉइड, रक्तदाबासाठीचं अ‍ॅम्लोडिपिन (याने विशेषतः घोट्यांवर सूज येते), मधुमेहासाठीचं पायोग्लिटाझोन ही त्यातली नेहमीची नावं. गोळी स्वतःहून बंद करू नका. ती सुरू झाल्याची तारीख, त्याआधीच्या आणि नंतरच्या दोन आठवड्यांची सकाळची वजनं आणि सूज कुठे, दिवसाच्या कोणत्या वेळी दिसते, एवढं एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.